अर्बुदजन्य अपस्मार

अर्बुदजन्य अपस्मार : मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणात वाढणाऱ्या गाठीमुळे येणारे झटके. विदर्भात अपस्माराला मिरगी म्हणतात. ‘फिट’ हा शब्दही घरोघरी रुळला आहे. मिरगीच्या बहुतेक रुग्णांच्या डोक्यात गाठ नसते, हे आधीच सांगायला हवे. पण ज्यांच्या डोक्यात ती असते, त्यांना झटक्याच्या रूपाने शरीर लवकर सूचना देत असते. गोळ्यांनी झटके थांबले तरी गाठ तशीच वाढत राहते. म्हणून या प्रकारात तपासणी आणि शस्त्रक्रिया यांना औषधाइतकेच महत्त्व आहे.

गाठ जितकी घातक तितके झटके जास्त, अशी समजूत असते. प्रत्यक्षात उलटे दिसते. गँग्लिओग्लायोमा आणि डीएनईटी या मुलांत व तरुणांत आढळणाऱ्या, अतिशय सावकाश वाढणाऱ्या गाठींच्या बहुसंख्य रुग्णांना झटके येतात. कमी श्रेणीच्या ग्लायोमात (मेंदूतील आधारपेशींच्या गाठीत) हे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक असते, तर ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक गाठीत ते साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहते. सावकाश वाढणारी गाठ भोवतालच्या बाह्यकाचे (मेंदूच्या बाहेरच्या थराचे) जाळे बिघडवायला वर्षानुवर्षे वेळ घेते. गाठीच्या पेशी ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारे द्रव्य बाहेर टाकतात. अनेक ग्लायोमांत आयडीएच जनुकात बदल झालेला असतो; त्यातून तयार होणारे हायड्रॉक्सिग्लुटारेट हे ग्लुटामेटशी साधर्म्य असणारे रसायन झटक्यांना हातभार लावते. गाठीची जागाही महत्त्वाची. शंखखंड (कानशिलाजवळचा भाग), ललाटखंड (कपाळामागचा भाग) आणि इन्सुला (या दोहोंआड दडलेला भाग) येथल्या गाठी विशेष त्रास देतात. बाह्यकापासून दूर, खोलवर असलेल्या गाठींत झटके कमी.

 प्राचीन नाट्यशास्त्राने तेहतीस व्यभिचारी भावांत अपस्माराची गणना केली असून कंप, जमिनीवर कोसळणे, तोंडाला फेस येणे ही त्याची लक्षणे नटांसाठी नोंदवली आहेत. मोठा झटका असा हजारो वर्षे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाठीमुळे येणारे झटके मात्र पुष्कळदा इतके ठळक नसतात. एका हाताचा अंगठा फडफडू लागतो, मग मनगट, दंड आणि चेहरा; माणूस शुद्धीवर असतो. ब्रिटिश चेताविज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्या नावाने हा क्रम ओळखला जातो. शंखखंडातल्या गाठीत पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखे वाटते, अनोळखी जागा ओळखीची भासते, नसलेला वास येतो. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना जळक्या रबराचा वास येई. त्यांच्या तक्रारी मानसिक ताणाच्या मानल्या गेल्या. जुलै १९३७ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच, वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले. शंखखंडातील गाठ उशिरा कळली होती. गर्श्विन यांच्या बाबतीत हॉलिवूडमध्ये जे घडले ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात घडायला तर फारसे निमित्तही लागत नाही: क्षणभर हरवणाऱ्या मुलाला शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणतात आणि घरी ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात.

प्रौढ वयात पहिल्यांदाच झटका आला तर मेंदूचे चित्रण करायलाच हवे, आणि शक्यतो एमआरआय. सीटी स्कॅनमध्ये लहान, सावकाश वाढणारी गाठ निसटू शकते. मात्र भारतात स्कॅनवर ठिपका किंवा कडे दिसले की ती अर्बुदाची गाठच, असे धरता येत नाही. डुकरातील फीतकृमीच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस आणि मेंदूतील क्षयाची गाठ यांमुळेही तसेच चित्र दिसते, आणि हे दोन्ही आजार औषधांनी आटोक्यात येतात. अळीच्या गाठी कित्येकदा आपोआप विरतात. वेल्लोरचे चेताशल्यविशारद वेदांतम राजशेखर आणि मॅथ्यू चांडी यांनी यासाठी निकष घालून दिले: एकच कडे, आकार २० मिलिमीटरपेक्षा कमी, डोक्यातील दाब वाढल्याची लक्षणे नाहीत, तर अनावश्यक शस्त्रक्रिया टाळून पुन्हा स्कॅन करून पाहायचे. या निकषांनी किती कवट्या उघडण्यापासून वाचल्या असतील!

उपचारांच्या सोयीच्या दृष्टीने पाहता आमगाव मुंबई–हावडा लोहमार्गावर आहे. गोंदिया जवळ आहे. तिथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंदूच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्ण नागपूर गाठतात, म्हणजे गोंदियाहून आणखी सुमारे १३० किलोमीटर. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने भूल देण्यापूर्वी त्याची तपासणी महत्त्वाची ठरते: सिकलसेलमुळे होणाऱ्या पक्षाघातातूनही झटके येऊ शकतात, आणि शस्त्रक्रियेत ऑक्सिजन कमी पडला तर धोका वाढतो. खर्चाचा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे बराच हलका होऊ शकतो. मेंदूच्या शस्त्रक्रिया तिच्यात समाविष्ट आहेत.

या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता, केवळ लक्षणांवरून जागा ठरवून मेंदूतील गाठ काढण्याचा गाजलेला प्रयत्न लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला. रुग्ण पंचविशीतला शेतकरी होता; डावीकडच्या झटक्यांवरून वैद्य ह्यूज बेनेट यांनी गाठ उजव्या बाजूला असल्याचा निष्कर्ष काढला आणि शल्यचिकित्सक रिकमन गॉडली यांना ती नेमकी तिथेच सापडली. झटके थांबले, पण जंतुसंसर्गाने चार आठवड्यांत रुग्ण दगावला. पुढे मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णाच्या मेंदूला सूक्ष्म विद्युतस्पर्श करून बोलण्याच्या आणि हालचालीच्या जागांचे नकाशे काढले. त्यांच्या हाताखाली शिकून आलेल्या जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला चेताशल्यविभाग सुरू केला. मुंबईत या शाखेचा पाया घालणाऱ्यांत पेनफिल्ड यांचेच दुसरे शिष्य डॉ. राम गिंडे होते.

आजही जागेपणीची शस्त्रक्रिया पेनफिल्ड यांच्याच तत्त्वावर चालते. कवटी उघडताना डोक्याची त्वचा बधिर करतात, मेंदूला स्वतःला वेदना नसते. शल्यचिकित्सक विद्युतस्पर्श करत असताना रुग्णाला चित्रांतल्या वस्तूंची नावे सांगायला लावतात. शब्द अडला की ती जागा वगळायची. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत प्रत्येक भाषेच्या काही जागा वेगळ्या असू शकतात, हे जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दाखवले. आमगाव परिसरात मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी एकाच तोंडी नांदतात. घरात पोवारी बोलणाऱ्या बाईची चाचणी फक्त प्रमाण मराठीतून घेतली, तर तिच्या मुलांशी बोलण्याची भाषा दुखावण्याचा धोका राहतो. तिची बोली जाणणारा माणूस शस्त्रक्रियागृहात हवा. ही मागणी रुग्णाच्या घरच्यांनी निःसंकोच करावी.

गाठीची जागा दाखवणारे न्यूरोनॅव्हिगेशन, शस्त्रक्रियेत चालणारी सोनोग्राफी आणि मेंदूच्या पृष्ठभागावरचे विद्युतआलेखन हीही साधने हाताशी असतात. निष्पत्ती मुख्यतः गाठ किती पूर्ण निघाली यावर अवलंबून राहते. कमी श्रेणीच्या ग्लायोमात शस्त्रक्रियेनंतर सुमारे ७० टक्के रुग्ण झटकामुक्त होतात, गँग्लिओग्लायोमा आणि डीएनईटीमध्ये सुमारे ८० टक्के. पूर्ण गाठ काढता आली तर आशा आणखी वाढते. झटके सुरू झाल्यापासून फार काळ न गमावणाऱ्यांना फायदा अधिक. बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्रात शिरलेली गाठ मात्र पुरती काढता येत नाही, आणि तिथे हट्ट धरणे चूक.

औषधांत लेव्हेटिरासिटॅमला पसंती असते, कारण फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यकृतातील विकरे वाढवून कर्करोगाच्या काही औषधांचा परिणाम कमी करतात. लेव्हेटिरासिटॅमने काहींना चिडचिड व उदासी येते. घरच्यांनी ते डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रियेनंतर झटके थांबले तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. साधारणतः एक-दोन वर्षे झटकामुक्त गेल्यावर, एमआरआय पाहून, डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. जुने स्कॅन, ईईजी आणि काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवून प्रत्येक भेटीला सोबत न्यावेत. गाठ पुन्हा वाढली का, हे जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना केल्यावरच कळते.