एक ओळ कोरी ठेवा

ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी 1925 साली द्राक्षं लावली आणि नाशिक जिल्ह्यात या पिकाचा पाया पडला. मी निफाड तालुक्यातला बागाईतदार. आमच्या धंद्याचा इतिहास सांगताना लोक द्राक्षाच्या जाती आणि टप्पे मोजतात: आधी भोकरी, मग थॉमसन, मग निर्यात. मला त्यातली प्रयोगाची बाजू जास्त मोलाची वाटते.

थंड मुलखात हिवाळ्यात द्राक्षवेल पानं गाळून झोपी जाते. आपल्याकडं तशी थंडी नाही. म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार व्हायला, ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल धरायला. करून बघितल्याशिवाय हे कळण्यासारखं नाही.

पण नुसतं करून बघणं पुरत नाही. बोर्डो मिश्रणाचीच हकीकत घ्या. ऑक्टोबर 1882. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बागा बघत होते. डावणी या बुरशीच्या रोगानं वेली उघड्या पडलेल्या. रस्त्याकडेच्या तेवढ्या पानांनी भरलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना शिंपडला होता. औषध सापडलं, असं कुणीही म्हणालं असतं. पण रस्त्याकडेला वारा जास्त, ऊनही जास्त. पानं त्यामुळंही टिकली असतील. ही शंका फेडायला वाट एकच: काही वेली फवारायच्या, काही मुद्दाम तशाच सोडायच्या. मिलार्देंनी पुढच्या हंगामांत चाचण्या घेतल्या आणि 1885 साली निष्कर्ष छापले.

तेच मिश्रण आम्ही आजही करतो. एक टक्क्याला किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून एकत्र केलं की त्यात लोखंडी सळई बुडवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, कोवळी पानं जळतील. चुन्याची निवळी वाढवायची आणि पुन्हा बघायचं. मिश्रण कुणी केलं, किती वर्षांच्या अनुभवानं केलं, याला त्या सळईपुढं किंमत नाही. शास्त्रीय पद्धत म्हणतात ती मला इथं, टाकीच्या काठावर कळली.

गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच विश्वासावर, की शेतकरी स्वतः प्रयोग करू शकतो आणि त्यातून आलेलं ज्ञान दुसऱ्याला देऊ शकतो. द्राक्ष बागाईतदारांनी ते करून दाखवलं.

आज मात्र दर छाटणीला नवं टॉनिक येतं. शेजाऱ्यानं मारलं, घड चांगले आले, म्हणून आपणही मारतो. त्या वर्षी पाऊस कमी होता का, काडीच चांगली पिकली होती का, हे विचारत नाही. अख्खी बाग फवारली की विचारायला जागाच उरत नाही, आणि खर्च दरवर्षी चढतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून बागाईतदार बंधू-भगिनींनो, येत्या ऑक्टोबरात नवं काही मारलंत तर बागेच्या मधल्या दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवा. कडेच्या नकोत. बाकी पाणी, खत, विरळणी सगळं सारखं द्या. घड मोजा, वजन करा, वहीत लिहा. आणि फरक पडला नाही, तर तेही चारचौघांत सांगा.