व्हॅक्यूम क्लीनरची नळी : तपासणी आणि निगा

उन्हाळ्याचे कोरडे वारे, रस्त्यांची व इमारतींची कामे आणि कोराडी-खापरखेडा परिसरातील औष्णिक केंद्रांची राख यांमुळे नागपूरकरांच्या घरात धुळीचा मुक्काम जवळजवळ बारमाही असतो. त्यामुळे शहरातील अनेक घरांत व्हॅक्यूम क्लीनर आला. पण वर्ष-दोन वर्षांत ‘आता तो पूर्वीसारखा ओढत नाही’ अशी तक्रारही सुरू होते. दोष मोटरवर ठेवला जातो. पुष्कळदा अपराधी असते ती नळी.

या यंत्राच्या इतिहासात नळीचे स्थान मोठे आहे. १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने तयार केलेले यंत्र घोडागाडीवरून येई व रस्त्यातच उभे राही. घरात जात त्या केवळ खिडकीतून सोडलेल्या लांबच लांब नळ्या. उभ्या दांड्याचे घरगुती यंत्र अमेरिकेतील जेम्स मरे स्पँगलर याचे. दुकानात झाडलोट करणाऱ्या या गृहस्थाला दम्याचा त्रास होता. त्याला १९०८ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे हूव्हर कुटुंबाने ते यंत्र जगभर नेले. आपल्याकडे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर परिचित केला. आपल्या घरांत रुळला तो मात्र चाकांवर मागे ओढायचा आडवा प्रकार. त्याची नळी डोळ्यांसमोर असते, उभ्या यंत्राची पाठीमागे दडलेली.

उभ्या यंत्रात बहुधा दोन नळ्या असतात. पडदे, कोपरे यांसाठी हाती धरायची लांब नळी सर्वांना ठाऊक असते. दुसरी जेमतेम वीतभर, खालच्या ब्रशकडून वर जाणारी. दांडा मागे कलवला की दर वेळी ती वाकते, त्यामुळे अनेकदा तिलाच आधी चीर पडते. वरची नळी धडधाकट असताना जमिनीवरचा कचरा उचलला जात नसेल, तर प्रथम हीच पाहावी.

तपासणीपूर्वी प्लग काढणे अत्यावश्यक आहे. दोन्ही टोके सोडवून नळी सरळ धरावी आणि एका टोकातून लहान गोटी सोडावी. ती दुसऱ्या टोकाने सहज बाहेर आली, तर मार्ग मोकळा आहे. अडल्यास केरसुणीच्या दांड्याच्या बोथट टोकाने हलकेच ढकलावे. लोखंडी सळई वा तार घालणे हा शुद्ध आततायीपणा होय. अडथळा निघतो, पण नळीला भोक पडते. मार्चमध्ये कूलर काढताना जुन्या ताट्यांतील गवत यंत्राने ओढून घेण्याचा मोह होतो. या काड्या नळीच्या वळ्यांत आडव्या बसतात आणि त्यांवर केस व धागे साचत जातात.

चीर शोधण्यासाठी अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक टॉर्च सोडून ती ताणून पाहावी. जेथे प्रकाशाची रेघ दिसेल तेथे हवा गळते. यंत्राचा आवाजही बोलका असतो. नळी पूर्ण तुंबली की आवाज चढतो, कारण हवा ओढण्याचा भार कमी झाल्याने पंखा अधिक वेगाने फिरू लागतो. हा जोर वाढल्याचे लक्षण समजणे चूक आहे. अनेक घरगुती यंत्रांत आत येणारी हवाच मोटरला थंड ठेवते. ती थांबली की मोटर तापते. काही यंत्रांत अशा वेळी वीज आपोआप तुटते. तशी सोय नसल्यास मोटर जळण्यापर्यंत वेळ येते आणि स्वस्तातल्या नळीपायी महागडा भाग बदलावा लागतो.

नळी धुता येते, परंतु तिच्यातून विजेची तार जात नसेल तरच. कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. नंतर ती सावलीत टांगून पूर्ण वाळवावी, घाई करू नये. ओलसर नळीत धूळ गेली की तिचा चिखल होतो आणि ओल मोटरपर्यंत पोहोचू शकते. रांगोळी, प्लास्टरची भुकटी किंवा उदबत्तीची निखारा असलेली राख या यंत्राने उचलूच नये.

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात स्लॅबखालच्या माळ्यावर घडी घालून ठेवलेले प्लास्टिक कडक होते व वापरताना तडकते. नळी मोठ्या वेटोळ्यात, उन्हापासून दूर ठेवावी.

चीर टोकाच्या जोडाजवळ असेल, तर नवीन नळीची घाई नको. बऱ्याच नळ्यांचे टोक आट्यांचे असते. ते फिरवून काढावे, फाटलेला भाग कापावा आणि टोक पुन्हा बसवावे. आटे कधीकधी उलटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी दोन्ही दिशांनी फिरवून पाहावे. मधोमध पडलेल्या चिरेवर चिकटपट्टी हा चार दिवसांचाच उपाय. नवी नळी घ्यायला सीताबर्डीवर जाताना जुनी सोबत न्यावी. केवळ कंपनीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन यंत्रांच्या नळ्यांचा व्यास आणि जोड वेगळे असू शकतात.