बळाचा हिशेब: पोलिसी शिस्तीच्या अभ्यासाची प्रस्तावना

अटक करताना पोलिसाने गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर त्याला जाब कोण विचारतो? विषय कायद्याचा असला, तरी सुरुवात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीपासून करावी, असे मला वाटते.

अण्णा हजारे यांनी या गावातून दारू हद्दपार केली. समज देऊनही पिणाऱ्याला तेव्हा खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारले जाई. अण्णांनी हे कधी लपवले नाही. आजारी लेकराला आई कडू औषध पाजतेच की, असे त्यांचे समर्थन होते. गाव सावरले, घरोघरच्या बायकांना दिलासा मिळाला, हे खरेच. पण पट्टा खाणाऱ्याने दाद कुठे मागायची? लॉकअपमधल्या मारामागेही बहुतेक वेळा अशीच खात्री असते, की हा गुन्हेगारच आहे आणि माराशिवाय बोलणार नाही. त्या खात्रीला समाजाची मूक संमती असते. म्हणून हा अभ्यास केवळ वाईट पोलिसांचा नाही. चांगल्या हेतूने उगारलेल्या हाताला कोण अडवणार, याचा आहे.

त्याच राळेगणच्या अण्णांनी माहितीच्या अधिकारासाठी 2003 मध्ये आझाद मैदानात उपोषण केले आणि 2019 मध्ये लोकपाल-लोकायुक्तांसाठी गावातच. सत्तेने हिशेब द्यावा, ही मागणी या मातीला नवी नाही.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. अटकेला जोराने विरोध झाला तर आवश्यक तेवढे बळ वापरता येते, पण पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून अधिक जखडता येत नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर आणि वैद्यकीय तपासणी यांचे दंडक घालून दिले.

खरी गुंतागुंत पुढे आहे. तक्रार गाजली की बातमी येते, ‘कर्मचारी निलंबित’. लोकांना वाटते, शिक्षा झाली. चौकशीच्या काळातले निलंबन ही शिक्षा नव्हे. निर्वाह भत्ता चालू असतो आणि नेमणूक मुख्यालयाला दाखवलेली असते. खरे काम विभागीय चौकशीत होते. दोषारोप बजावले जातात, साक्षीदार तपासले जातात, बचावाची संधी मिळते. इथे फौजदारी खटल्याइतका संशयातीत पुरावा लागत नाही. घडल्याची शक्यता अधिक ठरली तरी पुरते. त्यामुळे न्यायालयात सुटलेला माणूस खात्यात दोषी ठरू शकतो. सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणे, पदावनती इथपासून बडतर्फीपर्यंत शिक्षांची उतरंड आहे. मात्र चौकशी करणारा आणि आरोपी एकाच खात्यातले, आणि साक्षीदारही अनेकदा त्याच ठाण्यातले. ही अडचण मला सर्वांत मोठी वाटते.

सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये काय झाले, ते आठवा. कोठडीतला तरुण पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. प्रत्यक्षात तो मारहाणीत मेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला होता. आपल्याच माणसाने केलेली नोंद खात्याने प्रमाण मानायची ठरवली असती, तर तो कागदोपत्री आजही फरारीच राहिला असता.

खात्याबाहेरच्या डोळ्याची गरज 2006 च्या प्रकाश सिंह निकालाने मान्य केली. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलिस कायदा दुरुस्त करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, रीत डावलून केलेली अटक अशा तक्रारी तिथे नेता येतात. पारनेरच्या किती शेतकऱ्यांना हे ठाऊक असेल?

पुढच्या पानांत वाचकाने आधी ठाण्यातली कागदपत्रे वाचायला शिकावे: स्टेशन डायरीतली वेळ, अटकेच्या पंचनाम्यातली वेळ आणि डॉक्टरांच्या दाखल्यातली वेळ. या तिन्ही वेळा शेजारीशेजारी मांडल्या, की पहिला प्रश्न आपोआप समोर येतो.