शालीच्या बदल्यात चहा



आज स्टुडिओत येताना कागदाबरोबर सुयाही घेऊन आले. इथल्या मुलांनी लगेच सांगितलं, ताई, सुयांचा आवाज माइकमध्ये येतो, त्या खाली ठेवा. ठेवल्या. पण हात रिकामे ठेवून बोलायची मला सवय नाही, तेव्हा मधेच अडखळले तर सांभाळून घ्या.

मी गेली तीस वर्षं लोकरीचं विणकाम करते. पोटासाठी नाही, हौसेसाठी. भात शिजेपर्यंत दोन ओळी, एसटीची वाट बघताना चार ओळी, असं ते काम चालतं. घरात कुणाला दिवस गेले की बाळंतविड्यातलं टोपरं, मोजे आणि पुढून उघडा स्वेटर माझ्याकडे लागलेला. जुना स्वेटर आखूड झाला की उसवायचा, लोकरीची लडी करून धुवायची, वाळवायची आणि पुन्हा सुयांवर घ्यायची. माझ्या थोरल्याच्या स्वेटरची लोकर आज त्याच्या पुतण्याच्या अंगावर आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या पाच जणी माझ्याकडे विणायला शिकल्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा चलाख. मग बैठकीत विषय निघाला की हे विकलं तर? एक स्वेटर, टोपरं आणि मोज्यांचा जोड नमुन्याला घेऊन आम्ही तालुक्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने माल उलटसुलट करून बघितला. म्हणाला, "रोख पाहिजे असेल तर साडेतीनशे देईन. दुकानातलं कापड न्या, पाचशेचं देतो."

बाहेर येऊन आमच्यात वाद सुरू झाला. चौघी म्हणाल्या, पाचशे म्हणजे दीडशे जास्तच की. पाचवी म्हणाली, "मला कापड नकोय. मला पोराची फी भरायचीय."

तिचं वाक्य ऐकलं आणि मला शेटलंडच्या बायका आठवल्या. त्यांच्याविषयी मी कधीतरी वाचलं होतं, ते घरी येऊन पुन्हा नीट वाचून काढलं. आजचं बोलणं त्यांच्यावर आहे.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला, समुद्रात असलेला शंभरावर बेटांचा पुंजका. झाडं जवळजवळ नाहीत, वारा मात्र बारा महिने. हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा आणि उन्हाळ्यात रात्र नीट काळोखी होतच नाही. जमीन हलकी. थोडे ओट, थोडं सातू, बटाटे, एखाददुसरी गाय आणि मेंढरं. पुरुष उघड्या होड्यांतून खोल समुद्रात मासेमारीला जायचे किंवा जहाजांवर नोकरीला. कितीतरी परत यायचे नाहीत. १८८१ च्या जुलैमध्ये एका रात्रीच्या वादळात दहा होड्या बुडाल्या आणि ५८ माणसं गेली. त्या काळी बेटांवर पुरुषांपेक्षा बायकांची संख्या बरीच जास्त होती. शेत, गुरं, सरपण, म्हातारी माणसं हे सगळं त्यांच्यावर. आणि शिवाय विणकाम.

तिथली मेंढी लहान चणीची, पण लोकर फार मऊ. उन्हाळ्याच्या तोंडाला जुनी लोकर आपोआप सुटायला लागते, तेव्हा ती कातरीने न कापता हाताने अलगद उपटायची. मानेखालची सगळ्यात बारीक लोकर वेगळी काढायची, विंचरायची आणि चरख्यावर केसासारखी कातायची. त्या सुतापासून जाळीच्या विणीची शाल व्हायची. दोन वार लांब, दोन वार रुंद आणि वजन साठ-सत्तर ग्रॅम. ती लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढून दाखवत. ढाक्याच्या मलमलीची अशीच गोष्ट आपण ऐकलेली आहे. शाल विणून झाली की धुवायची, लाकडी चौकटीवर ताणून वाळवायची, तेव्हा कुठे तिची नक्षी उमलायची.

साधे मोजे, बनियनी, गळपट्टे हे तर चालता चालता व्हायचं. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला घोड्याचे केस भरलेली आणि भोकं पाडलेली एक छोटी गादी. एका सुईचं टोक त्या भोकात रोवलं की हात मोकळा राहतो. पाठीवर सरपणाची टोपली, त्यात दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या विटा, कारण झाडंच नाहीत तर लाकूड कुठलं? आणि पुढे दोन्ही हातांनी विणकाम चालू. अशा बायकांचे फोटो काढून पुढे पोस्टकार्डं छापली गेली. बघणाऱ्याला गंमत वाटते. मला बाई ते चित्र बघून आधी पाठ दुखायला लागली.

१८३७ साली आर्थर अँडरसन नावाच्या शेटलंडच्याच एका व्यापाऱ्याने नव्याने गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला तिथले बारीक विणीचे मोजे भेट दिले. हा माणूस पी अँड ओ या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्याच कंपनीच्या बोटी पुढे मुंबई बंदरात टपाल आणि माणसं घेऊन येऊ लागल्या. राणीला मोजे आवडले, मग दरबारातल्या बायकांना आवडले आणि शेटलंडच्या लोकरीचा बोलबाला झाला. भेट व्यापाऱ्याची, बोटं गावच्या बाईची.

मागणी वाढली. आता बायकांची चांदी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. तिथेच तर गोम आहे.

बाई शाल घेऊन लेरविक गावात व्यापाऱ्याकडे जायची. तो शाल बघायचा, भाव सांगायचा. पण त्या भावाचे पैसे हातात यायचे नाहीत. तेवढ्या किमतीचा माल त्याच्या दुकानातून घ्यायचा. आणि दुकान मुख्यतः कापडाचं. म्हणजे कापड, रिबिनी, बूट, फार तर चहा. पीठ नाही. घरात पोरं भुकेली, आणि आईच्या हातात शालीच्या बदल्यात चहाची पुडी. ती पुडी घेऊन ती शेजारपाजारी फिरायची. कुणी घेता का चहा, मला ओटचं पीठ द्या. गरजवंताला भाव कुठला? पुडी पडत्या किमतीला जायची.

त्या दिवशी काहीच माल नको असेल तर व्यापारी एक चिठ्ठी लिहून द्यायचा, की हिचं इतकं येणं आहे. तिथे तिला 'लाइन' म्हणत. ती चिठ्ठी त्याच दुकानात चालायची. मग बाई ती दुसऱ्या कुणाला देऊन थोडेफार पैसे किंवा धान्य मिळवायची. आणखी एक गोष्ट वाचून तर मला राग आला. पुढची शाल विणायला लोकरीचं सूत पाहिजे ना? ते शालीच्या बदल्यात सहसा मिळायचं नाही. सूत ही रोखीची चीज. म्हणजे तुझा माल घेताना वस्तू देणार, आणि तुला कच्चा माल पाहिजे तर पैसे मागणार.

ज्यांच्याकडे स्वतःची लोकर नव्हती त्या व्यापाऱ्याच्याच सुतावर विणायच्या. त्यांना फक्त विणाईचा मोबदला, आणि तोही मालातच.

तुम्ही म्हणाल, मग देऊ नका शाल. पण विकत घेणारे ते थोडेच व्यापारी, आणि सगळ्यांची रीत एकच. इंग्लंडातलं गिऱ्हाईक त्यांच्या हातात. आणि कितीतरी जणींच्या नावावर दुकानाच्या वहीत आधीच उधारी मांडलेली. पुरुषांचंही वेगळं नव्हतं. मासे जमीनमालकाला किंवा त्याच्या व्यापाऱ्यालाच घालायचे, आणि वर्षाच्या शेवटी वहीतून हिशेब.

१८७२ च्या जानेवारीत सरकारने या सगळ्याची चौकशी लावली. विल्यम गथ्री नावाचा वकील कडक थंडीत लेरविकला येऊन बसला आणि एकेकाला बोलावून प्रश्न विचारू लागला. विणणाऱ्या बायकाही पुढे आल्या. ज्या व्यापाऱ्याच्या दारात उद्या पुन्हा शाल घेऊन उभं राहायचंय, त्याच्याविषयी त्या बोलत होत्या. प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेऊन छापलं गेलं. काय विणलं, किती दिवस लागले, काय मिळालं, पैसे मागितले होते का, का नाही मागितले. उत्तरं अगदी तुटक आहेत. मागून उपयोग नाही हे माहीत होतं, म्हणून मागितले नाहीत, अशा अर्थाचं उत्तर पुन्हा पुन्हा येतं.

व्यापाऱ्यांचीही बाजू त्यात आहे. त्यांचं म्हणणं, शालीवर आम्हाला काही सुटत नाही, जेवढ्याला घेतली जवळपास तेवढ्यालाच पुढे जाते. आमचा नफा काय तो दुकानातल्या मालावर. पैसे द्यायचे तर शालीचा भाव खाली आणावा लागेल.

हे ऐकल्यावर आमच्या दुकानदाराचे पाचशे मला नीट कळले. आपण उदाहरण धरू. पाचशेचं कापड त्याला पडलं असेल साडेतीनशेला. म्हणजे दोन्हीकडून त्याच्या खिशातून जाणार साडेतीनशेच. वर न खपणारं कापडही खपलं. आपण मात्र एकाच फेरीत त्याची कामकरीणही झालो आणि गिऱ्हाईकही.

आणि शेटलंडमध्ये यावर लोक काय म्हणायचे? की या बायका नटव्या आहेत, घरात खायला नाही आणि अंगावर झुळझुळीत कपडे. अहो, दुकानात कापडच मिळत होतं! पीठ मिळालं असतं तर त्यांनी पीठच नेलं असतं.

वस्तूच्या रूपात मोबदला म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. आपल्याकडेही सुगीत खळ्यावर धान्य मिळायचं. त्या पद्धतीत अन्याय भरपूर होता, त्यावर बोलायला वेगळा तास लागेल. पण मिळालेलं धान्य निदान दळून खाता यायचं.

चौकशी झाली म्हणून लगेच काही बदललं नाही. असला मोबदला बंद करणारा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ पासून होता, पण तो ठरावीक धंद्यांपुरता. घरी बसून विणणारी बाई त्यात बसत नव्हती, कारण ती कुणाची नोकर? १८८७ साली कायदा वाढवून तिच्यासारख्यांना त्यात घेतलं. तरी जुनी रीत बरीच वर्षं रेंगाळली. खरी मदत झाली ती दुसऱ्याच गोष्टींची. १८८३ मध्ये टपालाने पार्सल पाठवायची सोय झाली, आणि ज्यांना दूरचं गिऱ्हाईक माहीत होतं त्यांना शाल परस्पर पाठवता येऊ लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बेटांवर हजारो सैनिक येऊन राहिले. त्यांना घरी पाठवायला स्वेटर, हातमोजे हवे होते आणि खिशात पगाराचे पैसे होते. ते दारात येऊन रोख देऊन घेऊन जाऊ लागले. म्हणजे चौकशीत साक्ष दिलेल्या बायकांच्या नाती-पणतींच्या काळात कुठे ही रीत मोडली.

आपल्या देशात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चालू चलनात द्यायची असं ठरलं, आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही मजुरी रोख द्यावी हेच होतं. पण आमचा स्वेटर म्हणजे मजुरी नव्हे, विक्री. त्या दुकानदारावर कायदा काही चालणार नाही, हे मी गटातल्या बायकांना आधीच सांगितलं.

त्यांनी मग स्वतःच हिशेब मांडला. लोकर किती रुपयांची, तास किती. हौसेने विणताना मी आयुष्यात कधी तास मोजले नव्हते. मोजले तर एका स्वेटरला बावीस निघाले. मला जरा कसंसंच झालं, कारण इतक्या जणींना मी ते नुसते देऊन टाकले, आणि अजूनही देणार आहे. भाचीच्या बाळाचं टोपरं कुणी पाचशेला मागितलं तरी मी देणार नाही. पण ज्या पाचवीला फी भरायची होती, तिने माझ्या या हौसेच्या हिशेबाने का चालावं?

गटाने त्या दुकानात माल दिला नाही. दोन संच गावातल्याच बाळंतिणींच्या घरी रोखीने गेले, साडेचारशेला एक. तीन अजून पेटीत पडून आहेत. थंडीच्या तोंडावर तालुक्याच्या बाजारात बसायचं ठरलंय, बघू.

भाचीच्या बाळाचं बारसं येत्या रविवारी आहे आणि माझ्या स्वेटरची उजवी बाही अजून अर्धीच झालीय. तेव्हा आता सुया हातात घेते. नमस्कार.