अर्धांगवायूवर ‘चुंबक उपचार’: टीएमएसने मेंदूत नेमकं काय बदलतं?

डोक्यावर इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल धरली, बटण दाबलं की ‘टक्’ असा आवाज होतो आणि समोरच्या माणसाचा अंगठा आपोआप उडतो. सुई नाही, भूल नाही. या तंत्राला टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली ते करून दाखवलं. त्याआधी १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी थेट विजेने हेच साधलं होतं, पण ते चांगलंच दुखायचं.

नाव चुंबकाचं असलं तरी मेंदूत काम करते ती वीजच. कॉइलमधून एक मिलिसेकंदाहून कमी वेळ जोरदार प्रवाह सोडतात. त्यातून क्षणभर चुंबकीय क्षेत्र उमटतं, कवटी त्याला अडवत नाही, आणि त्याच्या बदलामुळे मेंदूच्या वरच्या थरात वीज निर्माण होते. फॅरेडेचा १८३१ चा शोध तो हाच. कॉइल डावीकडे असेल तर उजवा हात हलतो.

हालचालींचं नियंत्रण करणारा मेंदूचा भाग किती चटकन प्रतिसाद देतो, याला उत्तेजनशीलता म्हणतात. ती मोजायची तर हाताच्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवतात. साधारण २० मिलिसेकंदांनी तिथे विजेची लहर दिसते. हात सैल असताना १० पैकी ५ वेळा निदान ५० मायक्रोव्होल्टची लहर यावी, एवढा किमान जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. मूठ जराशी आवळली तरी हा उंबरठा खाली येतो. म्हणून तपासताना हात सैल ठेवायला सांगतात.

एका टिचकीने मेंदूत काही टिकून राहत नाही. टिचक्या लागोपाठ दिल्या की मात्र फरक पडतो. सेकंदाला एक अशा संथ लयीत १५-२० मिनिटं दिल्या तर उत्तेजनशीलता सहसा घटते, सेकंदाला पाच किंवा जास्त दिल्या तर सहसा वाढते. २००५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ‘थीटा बर्स्ट’ पद्धत मांडली. तीन-तीन टिचक्यांचे झुबके सलग ४० सेकंद दिले की मेंदूचा प्रतिसाद तासभर मंदावतो; तेच झुबके मध्ये थांबत थांबत दिले की तो वाढतो. मेमँटीन हे औषध आधी दिलं तर हा परिणाम दिसत नाही. त्यावरून पेशींमधल्या जोडण्यांची ताकद बदलत असावी, असं मानलं जातं.

हे ‘सहसा’ महत्त्वाचं आहे. लंडनमध्येच २०१३ साली पन्नासहून अधिक जणांवर थीटा बर्स्ट तपासलं, तेव्हा कुणाचा प्रतिसाद वाढला, कुणाचा उलट घटला, आणि सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

अर्धांगवायूत मेंदूची धडधाकट बाजू दुखावलेल्या बाजूला दाबून ठेवते, अशी एक कल्पना आहे. म्हणून धडधाकट बाजूला संथ टिचक्या देऊन तिला शांत करायचं. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नकली कॉइल लावलेल्या रुग्णांचा हातही जवळपास तेवढाच सुधारला. हाताचा व्यायाम दोन्ही गटांना दिला होता.

नैराश्याची गोष्ट वेगळी. तिथे कॉइल कपाळाच्या डाव्या बाजूला मागे धरतात, आणि त्या उपचाराला अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे.

फिट येण्याचा धोका फार थोडा, पण आहे. फिटचा त्रास, डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट किंवा पेसमेकर असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.