दिंडीचे तळ : आधी घोड्याची सोय, मग आपली

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. या अंकात कुणी विणेकऱ्यांवर लिहिलं असेल, कुणी अन्नदात्यांवर, कुणी टाळ-मृदंगाच्या सेवेवर. आम्ही तळावर लिहायचं पत्करलं आहे. तळ म्हणजे दिंडी रात्री उतरते ती जागा. वारकरी चालतो दिवसा, पण त्याची वारी पार पडते ती रात्रीच्या तळावर. तळ चांगला मिळाला तर दुसऱ्या दिवशी पाय आपोआप उचलतात. वाईट मिळाला तर पहाटेच्या काकड्याला निम्मी माणसं कण्हत उठतात.

हे तळ कुणी आणि कसे निवडले? जुनी माणसं याचं उत्तर एका वाक्यात द्यायची : घोडं जिथं निवांत उभं राहील तिथं दिंडी उतरायची. यात मोठा अर्थ आहे, तो उलगडून सांगतो.

आधी घोड्याचा आणि वारीचा संबंध बघू. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. तीत ज्ञानोबा-तुकोबा दोघांच्या पादुका एकत्र असायच्या. पुढं माऊलींच्या पालखीचा वेगळा सोहळा हैबतबाबांनी सुरू केला, साल १८३२ च्या सुमाराचं. हैबतबाबा आपल्या सातारा भागातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दरबारी चाकरी केलेली. फौजेतला माणूस. म्हणून त्यांनी सोहळ्याला फौजेची शिस्त लावली. दिंड्यांना नंबर, काही रथापुढं, काही रथामागं. चोपदाराचा चोप वर गेला की लाखाचा समाज गप्प. पहाटे कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला निघायचं. आणि फौज म्हटली की घोडी आलीच.

घोडे दिले अंकलीच्या शितोळे सरकारांनी. माऊलींचा तंबूही त्यांचाच. इथं एक खुलासा करतो, कारण आपल्याकडची पोरं फसतात. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर आपल्या मिरज तालुक्यात एक अंकली आहे, ती ही नव्हे. शितोळे सरकारांची अंकली बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात. कृष्णामाई मात्र दोन्हीकडं. त्या अंकलीहून दरवर्षी दोन अश्व पायी आळंदीला जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माऊली स्वतः बसतात असा आपला भाव. मिरज, सांगली, पेठनाका, कराड, सातारा, भुईंज, पुणे अशी ही वाट, जवळपास तीनशे किलोमीटरची. मिरज-सांगली रस्ता आपल्या विश्रामबागेतूनच जातो. म्हणजे माऊलींच्या घोड्यांची वाट आपल्या दारावरून आहे.

ही वाट नीट बघा. एक मुक्काम ते दुसरा मुक्काम एका दिवसाची चाल. घोडं एकटं याहून लांब जाईल, पण त्याच्याबरोबर माणसं पायी असतात. आणि मुक्काम येतो तिथं पाणी असतं. सातारच्या अलीकडं-पलीकडं ही वाट कृष्णेला धरून आहे. तिथंच जवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे, शाहू महाराजांच्या काळात १७१९ ते १७२४ या सालांत बांधलेली. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी ती विहीर. तिकडं पंढरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी माऊलींचं रिंगण होतं, तिथंही विहीर आहे आणि मोकळं रान आहे. जुन्या काळी फौजा, कारवान, पालख्या, सगळ्यांना लागायचं एकच : पाणी आणि मोकळी जागा.

आता आपल्या दिंडीकडं येऊ. आपली दिंडी विश्रामबागेतून निघून मिरज, भोसे, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला या वाटेनं थेट पंढरीला जाते. दिंडी सुरू झाली त्याच सुमारास, १९२७ साली, पंढरपूरहून मिरजेपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी आली. गाडीत बसून एकादशीला पंढरी गाठता येत होती. तरी आपल्या वाडवडलांनी पायी जायचं ठरवलं. पुढं पताका, त्यामागं एक घोडं, मागं दोन-तीन बैलगाड्या. घोडं रिकामंच चालायचं, फक्त पाठीवर भगवी झूल.

कृष्णाकाठ सोडला की ही वाट कोरड्या मुलखात शिरते. कवठेमहांकाळला अग्रणी, सांगोल्याला माण, या नद्या ज्येष्ठात बहुतेक वाळूच्या असायच्या. अशा मुलखात तळ धरायचा म्हणजे खायचं काम नव्हे. एक जाणता माणूस एक दिवस पुढं जायचा. त्यानं काय काय बघायचं, ते चालत आलेलं आम्ही लिहून ठेवतो.

पहिलं पाणी. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाचं त्याहून जास्त. बैलाचंही तसंच. तीन जोड्या बैल आणि एक घोडं धरलं तरी पाण्याचा हिशेब मोठा होतो. त्यात घोडं नखरेबाज. गढूळ, वासाचं पाणी दिलं तर तहानलेलं राहील पण तोंड लावणार नाही. म्हणून घोडं प्यायलं की ते पाणी माणसालाही चांगलं, अशी जुन्यांची परीक्षा होती. विहिरीजवळ दगडी डोण आहे का, ओढा असेल तर उतार सोपा आहे का, हे बघायचं. ओढ्यावर वरच्या अंगाला माणसांचं पाणी, त्याखाली जनावरांचं, सगळ्यात खाली धुणं-आंघोळ. हा नेम मोडला की आजारपण आलंच.

दुसरं जमीन. काळं रान पावसात चिखल होतं, मेख धरत नाही. रात्री वळीव आला की मेख उपटून घोडं मोकळं. म्हणून मुरमाड, जराशा उताराचं रान बरं. घोडं उभ्या उभ्या झोपतं हे खरं, पण रोज थोडा वेळ त्याला आडवं पडावं लागतं. जागा ओली असेल, खडे टोचत असतील तर ते पडत नाही, आणि चार दिवसांत थकतं. बाभळीखाली तळ नको, काटा खुरात शिरतो. नाल ढिली झाली का ते रोज तळावर उतरल्यावर बघायचं, सकाळी नव्हे. कारण नालबंद मिरजेत मिळेल, जुनोनीच्या माळावर सकाळी कुठून मिळणार?

तिसरं वारा आणि शेजार. आषाढात वारा पश्चिमेकडून येतो. तळाच्या त्या अंगाला झाडी, ताल किंवा टेकाड असावं. घोड्याची पाठ वाऱ्याकडं. चुलीचा धूर त्याच्या अंगावर येऊ नये. बैलांपासून अंतर ठेवावं, वैरणीवरून भांडणं होतात. रुळाच्या लगत तळ धरायचा नाही, कारण गाडीच्या शिट्टीला घोडं बुजतं.

चौथा चारा, आणि यात जीवाचा धोका आहे. घोड्याला ओकारी येत नाही. जे पोटात गेलं ते पुढंच जाणार. चुकीचं खाल्लं की पोटशूळ होऊन तडफडतं. म्हणून घरचा कडबा बरोबर न्यायचा, नवा चारा एकदम द्यायचा नाही, भिजका हरभरा तोबऱ्यात बेतानं. चालून घामाघूम आलेल्या घोड्याला आधी फिरवून गार करायचं, मग थोडं थोडं पाणी, चंदी सगळ्यात शेवटी. कोवळ्या ज्वारीचे फुटवे असलेल्या रानात जनावर सोडायचं नाही, ते विष आहे हे शेतकऱ्याला सांगायला नको. आणि कण्हेर. देवळाच्या आवारात फुलांसाठी कण्हेर लावलेली असते. माणसाला वाटतं, देऊळ आहे, सावली आहे, ओवरी आहे, यापरतं बरं काय? पण घोड्यानं कण्हेरीचा पाला खाल्ला तर घोडं हातचं जातं. म्हणून देवळाचं आवारसुद्धा आधी बघायचं आणि मगच उतरायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. या चारी गोष्टी घोड्यासाठी बघितल्या, पण सोय कुणाची झाली? निर्मळ पाणी, कोरडी जागा, वाऱ्याला आडोसा, धुरापासून मोकळीक. म्हाताऱ्या बायका, लेकुरवाळ्या, तापानं फणफणलेला वारकरी, सगळ्यांना हेच लागतं. माणूस संकोचानं गप्प बसतो, चिखलातही ‘चालतंय’ म्हणतो. घोडं तसं म्हणत नाही. जागा नापसंत असेल तर पाय आपटतं, खात नाही, बसत नाही. मुक्या जिवाची सोय केली की बोलणाऱ्याची आपोआप होते, ही त्या निवडीमागची बुद्धी.

१९७२ च्या दुष्काळात हीच बुद्धी कामाला आली. त्या साली नेहमीच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. जनावरांना पाणी कुठं पुरेल ते आधी विचारून दिंडीनं टप्पे बदलले. कुठं लांब चालावं लागलं, कुठं दुपारीच थांबावं लागलं. गावकऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. तो पाळला म्हणूनच पुढच्या वर्षी त्या गावांनी पुन्हा बोलावलं.

जुनी माणसं आणखी एक सांगायची. शेतकरी आपलं रान दिंडीला हौसेनं का द्यायचा? भक्ती होतीच. पण रानाला खतही मिळायचं. धनगराची मेंढरं आपण रानात बसवतो, तसंच हे. एका रात्रीत घोड्या-बैलांचं शेण, लीद, मूत रानात पडायचं. पेरणीच्या तोंडावर ते सोनंच. दिंडी उठून गेली की मालक रान बघून खूश. म्हणजे आपलं जनावर आपल्या तळाचं भाडं चुकतं करत होतं.

पुढं बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आला, मग ट्रक आणि पाण्याचा टँकर. घोडंही थकलं आणि दुसरं आणलं नाही. सोय वाढली, यात खोटं नाही. टँकर आला तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले. पण तळ निवडायची नजर सुटत गेली. आता डांबरी रस्त्याला लागून, ट्रक वळेल एवढी जागा बघायची, एवढंच उरलं. आणि उठताना रानात शेणाऐवजी पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, पिशव्या राहायला लागल्या. मग रानमालक दोन वर्षं देतो आणि तिसऱ्या वर्षी कुंपण घालतो. त्याला दोष कसा द्यायचा?

जागाही आटल्या. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, कोरडा मुलूख हिरवा झाला, द्राक्षबागा आल्या. ही तर पांडुरंगाची कृपा. पण पडीक रान उरलं नाही, आणि बागेच्या कडेचं गवत फवारणीमुळं जनावराला घालायच्या कामाचं नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाला आणि सावलीची झाडं गेली. भोश्याचा चारेकशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड २०२० साली लोकांनी उभं राहून महामार्गातून वाचवला, तर २०२२ साली तो कोसळला. किती दिंड्या त्या वडाखाली टेकल्या असतील!

आपली विश्रामबागच बघा. नावातच विश्राम. १९१९ साली इथं विलिंग्डन कॉलेज आलं, १९४७ साली इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं. तरी भोवती माळ होता, निघायच्या आदल्या दिवशी घोडं-बैल खुशाल चरायचे. आज तिथं प्लॉट आणि इमारती आहेत. पोरंबाळं शिकली, घरं झाली, वाईट काही नाही. पण आज अंकलीचे अश्व आपल्या रस्त्यावरून जाताना घटकाभर टेकायचे म्हटले तर मऊ माती कुठं दाखवायची? २०१८ साली माऊलींच्या सोहळ्यातला हिरा नावाचा अश्व पुण्याच्या मुक्कामी गेला, तेव्हा सगळा समाज हळहळला. देवाचा झाला तरी तो जीवच आहे. त्यालाही ऊन, तहान, थकवा आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं आमचं मंडळींना मागणं आहे. घोडं परत आणायचं की नाही हे सर्वांनी मिळून ठरवावं. त्याचं वर्षभर करणारा माणूस असेल तरच आणावं, हौसेखातर नको. पण घोडं असो वा नसो, तळ मात्र घोड्यासाठी बघावा तसा बघावा. एक जाणता आणि त्याच्या जोडीला एक तरणा, असे दोघे दरवर्षी पुढं पाठवावेत, म्हणजे नजर पुढच्या पिढीकडं जाईल. ज्या गावांत गायरान शिल्लक आहे तिथल्या ग्रामपंचायतींना भेटून दिंड्यांच्या तळासाठी ते राखायची विनंती करावी. प्रत्येक तळावर दोन झाडं लावावीत, वड किंवा कडुलिंब, आणि ती जगली का ते पुढच्या वारीला बघावं. आणि उठताना रान झाडून, निवडून मालकाच्या हवाली करावं. खत देता येत नाही, तर निदान घाण तरी ठेवू नये.

पुढच्या शंभर वर्षांत दिंडी कोण चालवील ते पांडुरंगाला ठाऊक. त्यांना उतरायला कोरडी जागा आणि प्यायला निर्मळ पाणी मिळावं, एवढी तजवीज मात्र आपल्या हातात आहे.

रामकृष्ण हरी.