खंजिरी, छापखाना आणि नाममुद्रा : वऱ्हाडातील स्वायत्त गायकाची परंपरा

अमेरिकेतील ‘इंडी रॉक’ या संगीतप्रवाहाचे वेगळेपण सुरावटीइतकेच मालकीत आहे. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पदरी नसलेला. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये वॉशिंग्टन शहरात ‘डिसकॉर्ड’ ही छोटी संस्था काढली ती आपल्याच वाद्यवृंदाची तबकडी आपणच प्रसिद्ध करावी म्हणून, आणि पुढे मॅकाय हा गायक, प्रकाशक व निर्माता अशा तिन्ही भूमिका सांभाळत राहिला. येथे ‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ चित्रपटातल्याप्रमाणे केवळ पैसा घालणारा असा नसून, गाण्याला अखेरचे ऐकण्याजोगे रूप देणारा आणि ते श्रोत्यांपर्यंत पोहोचेल अशी तजवीज करणारा असा आहे. हा अर्थ लक्षात घेतल्यास गायकानेच निर्माता होण्याची प्रथा यवतमाळ आणि त्याला लागून असलेल्या वऱ्हाडच्या मुलखात त्याहून कितीतरी जुनी असल्याचे दिसते.

पूर्वी ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळालेल्या या जिल्ह्यात कापूस होता, जिनिंग होते, मूर्तिजापूरला जोडणारी नॅरोगेज आगगाडीही होती. परंतु संगीताच्या व्यापाराची केंद्रे फार दूर होती. भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ मध्ये कलकत्त्याला झाली आणि तबकड्यांचा धंदा पुढेही प्रामुख्याने कलकत्ता व मुंबई या शहरांतूनच चालला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू व्हायला १९४८ साल उजाडले. साहजिकच खेड्यातील गायकाला आपले गाणे टिकवायचे आणि पसरवायचे तर साधनेही स्वतःच उभी करावी लागत.

ती कशी उभी करता येतात याचा सर्वांत मोठा दाखला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आहे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे, स्तुतिगायनाची परंपरा असलेल्या ब्रह्मभट घराण्यात झाला. मूळ नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे आणि आई मंजुळाबाई. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनी निवडलेले वाद्य होते खंजिरी : एका बाजूने चामड्याने मढवलेले आणि कडेच्या खाचांत झांजेच्या लहान चकत्या बसवलेले लाकडी कडे. ती एका हातात मावते, तिला साथीदार लागत नाही, आणि ताल धरणारा व गाणारा माणूस एकच असू शकतो. तुकडोजींची गायकी गावच्या चावडीपासून सेवाग्रामपर्यंत सहज फिरू शकली, यात या वाद्याचा वाटा फार मोठा आहे, आणि चरित्रकारांनी त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. १९३६ मध्ये ते महात्मा गांधींजवळ सेवाग्रामला राहिले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथे तुरुंगवास घडला. १९५५ मध्ये ते जपानला गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होती.

निर्माता म्हणून त्यांचे काम मात्र मोझरीला पाहावे लागते. तेथे त्यांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला, १९४३ मध्ये श्रीगुरुदेव सेवा मंडळाची उभारणी केली आणि आश्रमाच्याच छापखान्यातून मासिक व पुस्तके काढली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांची ‘ग्रामगीता’ ही याच घडणीतील कृती होय. पुस्तिका छापायची, ती शाखेत पोहोचवायची, सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर मंडळाने ते भजन म्हणायचे, आणि कानावर पडून ते पुढच्या गावाला जायचे, अशी ही साखळी होती. यवतमाळ जिल्ह्यातील नेर, बाभुळगाव, राळेगाव, कळंब या तालुक्यांतील गावोगावीही मंडळाच्या शाखा आणि भजनी मंडळे उभी राहिली, ती याच साखळीच्या बळावर. भजनाच्या अखेरच्या चरणात येणारे ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ हे कर्त्याचे नाव, म्हणजे नाममुद्रा, तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी चकतीचेच काम करते. कागद मात्र निघून जातो, आणि नाममुद्रा छंदातच बसलेली असल्याने ती काढली तर चरण मोडतो.

पुसद, दिग्रस, महागाव या भागांतील बंजारा तांड्यांची गोष्ट याहून निराळी आहे. होळीच्या दिवसांत डफाच्या तालावर सामूहिकपणे म्हटली जाणारी ‘लेंगी’ गीते समूहाची असतात, आणि गोरबोलीला स्वतःची लिपी नसल्याने छापखान्याचा तेथे फारसा उपयोग नव्हता. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली, तेव्हा वाचता न येणाऱ्या श्रोत्यापर्यंतही गायकाचा आवाज थेट जाऊ लागला. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी तिने देशभर मोडली. प्रादेशिक बोलींना तिचा झालेला लाभ पुस्तकाने दिलेल्या लाभापेक्षा कमी नव्हता.

बोरी अरबचे वऱ्हाडी कवी शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग स्वतःच लिहून गावोगावी सादर केला. ते गायक नसले तरी त्यांची वाट हीच होती. आज जिल्ह्यातील भजनी मंडळे आपली गाणी मोबाइलवर मुद्रित करून स्वतःच प्रसारित करतात, आणि खंजिरी भजनाच्या स्पर्धेत अखेरच्या चरणाशी लय चढते, तेव्हा त्या मुद्रणातही कर्त्याचे नाव ऐकू येते.